पेवात हाक

विश्रामबागच्या प्रयोगशाळेत, मागच्या खोलीत,
जिथल्या बेसिनला कायमचा तपकिरी डाग पडलाय,
मी फेरिक क्लोराइडला तांबं खाऊ घालते.
खाऊन उरतात ती कडी.
एकात एक, प्रत्येकाला एक फट,
सुईच्या नेढ्याएवढी.
पोस्टकार्डाएवढ्या हिरव्या पाटीवर
एकशे सत्त्याऐंशी. मोजली आहेत.
पाठीमागे मात्र तांबं अखंड,
पळून जायला वाट नको म्हणून.

पाटीचं कसब एवढंच:
लाट येते, आणि तिला वाटतं
पुढेही हवाच आहे.
ती दचकत नाही, अंग चोरत नाही,
उंबरा कधी ओलांडला तेही तिला कळत नाही.
नऊ पूर्णांक चार गिगाहर्ट्झ.
पडद्यावरची रेघ एकदम दरीत कोसळते
आणि शंभरातले नव्व्याण्णव
आतच राहतात.

सर म्हणाले, उपयोग लिहा.
मी लिहिलं: हळदीतला ओलावा मोजणे.
सांगलीत बसून दुसरं काय लिहिणार?

नमुने आणतो यमनाप्पा हुक्केरी.
मार्केट यार्डातून, शर्टाच्या खिशातून,
राजापुरीच्या पुड्या,
पुडीवर पेन्सिलीच्या रेघा.
एक म्हणजे वाळलेली, तीन म्हणजे ओली.
तो हळकुंड कानाशी धरून मोडतो.
टण्ण.
"धाच्या आत," म्हणतो.
माझं यंत्र अठरा लाखांचं.
त्याचा कान आणि माझी रेघ
अजून अर्ध्या टक्क्यापलीकडे भांडलेले नाहीत.

ओली पुडी ठेवली की दरी डावीकडे सरकते.
तो बघत राहतो.
मग विचारतो,
"पर आत गेल्याली जाती कुठं?"

उष्णता होते, मी सांगते. अगदी थोडी.
तो तळहात पाटीवर ठेवतो, दाबून, बराच वेळ.
"गार हाय की."

मग मी दुसरी पाटी दाखवते.
हिच्या फटींवर डायोड बसवलेत.
कोपऱ्यातल्या वायफायच्या डबीची सांडलवंड
वेचून साठवते
आणि अकरा मिनिटांनी एकदा
तांबडा दिवा लुकलुकवते.
आम्ही दोघं अकरा मिनिटं थांबतो.
लुक.
"आमचा मुकादम बी येवढाच हसतुया," तो म्हणतो.

पुड्या गोळा करता करता, कुणी न विचारता,
तो हरिपूरचं सांगू लागतो.
माणूस मावेल एवढं तोंड,
खाली खोलीएवढं पोट, मातीतच कोरलेलं.
आधी कंदील सोडायचा.
विझला तर थांबायचं.
एका दिवशी ट्रक उभा होता, घाई होती,
कंदील सोडला नाही.
मल्लू उतरला.

"भरल्या पेवात हाक मरती.
रिकाम्यात घुमती.
मी वाकून हाक घातली, बाई.
हाक आली माघारी.
ओ न्हाई आली."

पंखा फिरत होता.
पडद्यावर दरी होती तशीच.

माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात एक समीकरण आहे:
एकातून परत आलेलं वजा करा,
उरलं ते आत.
तीन वर्षं त्या वजाबाकीवर जगतेय मी.
वर कुणीतरी वाकून उभं असतं,
कान देऊन,
हे त्यात कुठेच लिहायला जागा नाही.

तो गेल्यावर रिकाम्या पाटीची रेघ काढली.
दरी जराशी डावीकडे.
उजेडात धरली तेव्हा दिसला
कड्यांवर उमटलेला पिवळा पंजा.
स्पिरिटचा बोळा हातात होता.
पुसायला हवी होती.

नोंदवहीत तारीख लिहिली, तापमान लिहिलं.
नमुन्याच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
पेन्सिलीनं तीन रेघा ओढल्या.