जागच्या जागी

कल्पना गुंडार्सची, आणि ती चांगली होती
हे आधीच सांगून टाकते.
एक घर. त्यात एक बाई.
तिला माणूस दिसत नाही.
समोर उभे राहिलात तरी
तुमच्यातून ती पलीकडची भिंत बघते.
पण वस्तू तिला पाठ आहेत.
बशी बोटभर सरकली,
पडद्याची एक चुणी उलगडली,
की येते.
धावत नाही.
हातातलं फडकं घडी करून ठेवते,
मग येते.

तुम्ही किल्ली शोधायची,
आणि जे उचलाल ते होतं तसं ठेवायचं.
एवढाच खेळ.
लिएपायात, पावाच्या भट्टीवरच्या भाड्याच्या खोलीत
त्यानं हे सांगितलं, तेव्हा
आर्वीड्सनं आणि मी
टेबलावरचे हात हळूच मागे घेतले होते.

आवाज माझे.
त्यासाठी मी त्याच्या मावशीकडे गेले, वेल्ता मावशीकडे.
मायक्रोफोन साखरेच्या डब्याला टेकवला.
काय चाललंय, तिनं विचारलं नाही.
मी कप उचलायची, ठेवायची,
माझी पाठ वळली की ती
त्याचा कान भिंतीकडे फिरवायची.
सगळं ध्वनिमुद्रित आहे :
माझा ठण्,
आणि मागून तिचं बारीक खर्र.

बिघडलं ते पाचव्या दशांशाला.
टेबलाची उंची आणि कपाचं बूड,
दोन्हींचा हिशेब जुळत नाही, आर्वीड्स म्हणाला,
केसाएवढं काहीतरी उरतं.
त्या केसावर कप थरथरतो.
कोणी हात न लावता सरकतो.
बाई येते, नीट ठेवते, वळते.
कप सरकतो.
बाई येते.
पहिल्याच मिनिटाला ती ह्यात अडकते
आणि उरलेलं घर मोकळं.
कपाट पाडा, आरसे फोडा,
तिला फुरसत नाही.
शीळ घालत अकरा मिनिटांत बाहेर पडता येतं.
नाहीतर उलटं :
भिंतीपलीकडे, तुम्ही पाहिलीही नाही अशी एक बशी हलते
आणि शिक्षा तुम्हाला.
(अशी घरं असतात, असं मी तेव्हा म्हणाले.
कोणी हसलं नाही.)

वेंट्सपिल्सच्या एकानं दोन हजार युरो दिले होते.
त्याला किंकाळी हवी होती,
म्हणून शेवटी किंकाळी आहे.
ती माझीच.
दारात बोट चेमटल्याची नव्हे,
मुद्दाम काढलेली. ऐकलं की कळतं.

पैसे संपले, तसाच नोव्हेंबरात काढला.
तीनशे बारा प्रती गेल्या,
दोनशेच्या वर परत आल्या.

वाचनालयात एकदा मांडला होता.
बर्फानं ओली टोपी घातलेला एक मुलगा
सहा-सात मिनिटं खेळला, कंटाळला.
उठताना त्यानं हेडफोन
होते तसे ठेवले,
वायरचं वेटोळंसुद्धा,
आणि मागे न बघता, पाय न वाजवता गेला.
आमचा गेम लागू पडलेला
तो एकच.

गुंडार्स आता रीगाला असतो, एका बँकेत.
पैसे पाठवले की जो हिरवा टिक येतो
तो त्याचा आहे म्हणे.
मावशीला मी कधी दाखवला नाही.
दाखवला असता तर ती
त्या बाईला म्हणाली असती,
अगं, टेबलाखाली पुठ्ठा घाल.

रात्री कधी मी तो अजून लावते.
किल्ली शोधत नाही.
स्वयंपाकघरात, तिच्याशेजारी, उभी राहते.
ठण्. खर्र.
ठण्. खर्र.

आज खोली परत दिली.
टेबलावर त्याचा कप होता,
कान डावीकडे, तो डावखुरा,
तळाला मार्चमधली कॉफी.
उचलला. विसळला.
वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकला.
दिवा घालवला
आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर
थोडी थांबले, श्वास धरून.

खालून पावाचा वास आला.
दुसरं कोणी नाही.