ओव्याचं फूल

इंदुरात, सांवेर रोडवरच्या शेडमध्ये
सासऱ्यांची तांब्याची देग अजून आहे.
पाण्यात ओवा बुडवायचा, खाली लाकूड.
घाई केली की दाणा बुडाला लागतो,
तेलात करपट उतरतं.
ते शिकवत नसत, नुसतं नाक मुरडत.

शेजारी माझी स्टीलची टाकी.
भरडलेला ओवा जाळीवर कोरडा,
वाफ खालून दाण्यादाण्यातून वर चढते,
गार नळीत शिरली की अवसान गळतं,
थेंब थेंब.
भेरूलाल दोन्ही सांभाळतो.
देगेला 'बा' म्हणतो,
टाकीला काहीच नाही.

श्रावणातल्या तापापासून मला वास येत नाही.
सांगितलं नाही कुणाला.
नीमचचा व्यापारी मूठ पुढे करतो,
मी हुंगते, मान हलवते, भाव पाडते.
नळी किती तापली ते तळहाताने,
थेंब कानाने.
तेल वर तरंगतं तिथे डोळे पुरतात.
खालचं पाणी परत देगेत,
त्यातही थोडं लपून राहिलेलं असतंच.

पौषात एका रात्री बरणी खिडकीत राहिली.
सकाळी काचेआड पांढऱ्या काड्या,
एकमेकींत अडकलेल्या.
ओव्याचं फूल.
भेरूलालने बरणी नाकापाशी धरली,
"कैसा है, बाईसाब?"
"सफेद," मी म्हटलं.

तो जरा वेळ बघत राहिला.
बरणीचं झाकण लावलं.

तेव्हापासून माल आला की
मूठ आधी तो हुंगतो.
एकदा खोकला, तर घ्यायचा.
दोनदा, तर नाही.