वासाचा रकाना

ससून डॉकच्या शेडमध्ये आई कोळंबी सोलते.
डोकं मोडायचं, पाठीवरून अंगठा न्यायचा,
मांस टोपलीत, डोकी खाली पायाशी.
टोपली भरली की बिल्ला मिळतो.
डोक्यांचे पैसे नाहीत.

ती डोकी मी परळला नेतो,
निळ्या ड्रमातून, तोंडाला फडकं बांधून.
ड्रमच्या, माझ्या नाही.
उकडतो, वाळवतो, दळतो.
भुरकट गुलाबी पीठ पडतं,
माकुलांच्या आतड्यांचं पोतं वेगळं.
डॉक्टर बोरवणकर म्हणतात, नुसती प्रथिनं नको बघू,
राख बघ. टरफल जास्त झालं
तर कोंबडीला पचायचं नाही.

इतकी वर्षं कोंबड्यांच्या पोटात जवळा गेला,
मांदेली गेली, बोटाएवढे बोंबील गेले
ज्यांना अजून वाढायचं होतं.
आता आमच्या वाळवणीवरचा जवळा
सुकायच्या आधीच कारखान्याच्या काट्यावर चढतो.
चटणीपुरता मूठभर
आम्हीच मागून आणतो.

म्हणून ही डोकी. पाच टक्के, दहा, वीस.
अंडी उकडून बशांत ठेवतात, बशांवर आकडे,
सात जण चाखतात आणि लिहितात:
वास, आहे / नाही.

एकदा सातवा आला नाही, मला बसवलं.
मी सगळीकडे ‘नाही’ लिहिलं,
विसाच्या बशीलासुद्धा.
डॉक्टरांनी कागद पाहिला. कुठले रे तुम्ही?
वरळी कोळीवाडा.
मग बरोबर, म्हणाले, आणि
रागावता कागदावर रेघ मारली असती
तर बरं झालं असतं.
ते हसले.

बसमध्ये आईशेजारची जागा रिकामी राहायची.
लहानपणी मला वाटे,
तिला मान आहे.

विसाची बशी नापास झाली.
उरलेली अंडी मी घरी आणली, कच्ची.
आईनं एक तव्यावर फोडलं.
बलक भगवा, नारंगीच्याही पुढचा.
ती वाकली, जरा वेळ बघत राहिली,
बर्फानं सुजलेलं बोट कडेला टेकवून म्हणाली,
“करपाली खाल्लीय हिनं.”

दुसऱ्या दिवशी नोंदवही काढली.
पिंजरा चार, पोतं अकरा, मंगळवारचा माल:
करपाली.

डॉक्टरांना सांगावंसं वाटलं.
पण तक्त्यात
याला रकाना नाही.