चाचणी

अठ्ठेचाळीस जीबी, म्हणाला लॅमिंग्टन रोडचा पोरगा,
ग्राफिक कार्ड सेकंडहँड आहे पण चालून जाईल, ताई.
दह्याचं भांडं आणावं तसं ते मांडीवर धरून
मी बसने आणलं, मग असल्फ्याचा चढ पायी.

आप्पांना रिटायर होऊन चौदा महिने झाले होते.
चौदा महिने खिडकीशी बसून
गल्लीतल्या एकेका खड्ड्याचं कारण सांगत होते.

डाउनलोड रात्रभर चाललं.
पहाटे नव्व्याण्णव टक्क्यांवर अडलं ते अडलंच.
मी बंद करून पुन्हा लावायला निघाले,
तर अंथरुणातून म्हणाले, हवा धरली असेल लाइनीत.
हात लावू नकोस. सुटेल.
सुटली.

मग करारनामा.
मी सरसर खाली ओढून ‘मान्य आहे’ दाबणार,
त्यांनी मनगट धरलं.
चौऱ्याण्णव साली न वाचता एक सही केली होती,
त्यात त्यांची वेतनवाढ गेली.
चष्मा लावून, काचेवर बोट फिरवत,
अडलेले शब्द मला विचारत
त्यांनी दुपार घालवली. शेवटी म्हणाले,
काहीही झालं तरी आपण जबाबदार नाही,
एवढंच लिहिलंय साल्यांनी.
दाब.

ड्रायव्हर जुना आहे, पडद्यावर आलं.
कोण ड्रायव्हर, त्यांनी विचारलं.
तीनदा रीस्टार्ट, एकदा नुसता काळोख,
आणि मग एकदम नदी.
हिरवं, रिकामं, कोणाचंच नसलेलं माळरान,
आणि मधोमध चौकट: शहराचं नाव?
एका बोटाने अक्षरं शोधत त्यांनी लिहिलं:
चाचणी.
पुढे बदलू म्हणाले. ते बदललं नाही.

चमकणारा बाण सांगेल तसं करायचं.
बाणाने रस्ता मागितला, रस्ता दिला.
वीज मागितली, दिली.
मग काठावर पंप, पंपापासून निळी रेघ,
आणि बाण पुढे सरकला
तरी आप्पा तिथेच.
व्हॉल्व्ह कुठाय?

मी सगळे मेनू उघडले. शाळा होती, बंब होता,
स्मशान होतं, चौकात उभा करायला पुतळासुद्धा.
व्हॉल्व्ह नव्हता.
मग बंद कुठून करायचं?
बंद नाही करायचं, आप्पा. इथे चोवीस तास येतं.

त्यांनी चष्मा काढून पुसला.
एकतीस वर्षं खांद्याएवढी लोखंडी चावी घेऊन
हा माणूस अंधारात निघायचा.
पिठाच्या गिरणीपाशी बावीस आटे,
मशिदीमागे अठरा,
टेकडीला पूर्ण उघडून वर आणखी एक, हळूच,
साहेबांना न सांगता.
त्याने पाणी सोडल्याशिवाय
इथे कोणाची सकाळ झाली नव्हती.

यांना उठवत कोण, मग? त्यांनी विचारलं
आणि कॉम्प्युटर माझ्याकडे सरकवला.

तिसऱ्या रात्री मला जाग आली. खोलीत निळा उजेड.
पंपापुढचा हातभर पाइप त्यांनी खोडून ठेवला होता.
चाचणीतल्या प्रत्येक छपरावर लाल थेंब लुकलुकत होता,
कोपऱ्यात सूचनांवर सूचना: नागरिक नाराज आहेत.
सोडून जातील हो सगळे, मी म्हटलं.
नाही जात. सवय आहे त्यांना.
मनगटावरचं घड्याळ बघत बसले होते.
चार चाळीसला त्यांनी तो तुकडा परत जोडला.

उताराच्या बाजूने एकेक लाल थेंब विझत गेला,
बाजारपेठ, मग शाळेची ओळ, मग चढ.
ओठांत काहीतरी मोजत होते.
टेकडीवर मी गंमत म्हणून ठेवलेलं एकच घर,
तिथला विझायला फार वेळ लागला.
तोवर माउसवरचा हात त्यांनी काढला नाही.

इतक्यात दाराबाहेर आमचा नळ खोकला.
एकदा, दोनदा, मग धार.
आप्पांनी पुन्हा घड्याळ पाहिलं.
पाच मिनिटं उशीर.
नवा पोरगा आटे मोजत नाही.

ते थांबवून ठेव, म्हणाले,
आणि पिंपाचं झाकण काढायला उठले.