नाव नसलेली चौकट

अजमानच्या इंडस्ट्रियल भागात, टायरच्या दुकानावर
आमचं ऑफिस. दोन टेबलं, एक एसी,
एसीखाली बादली.
इथे बसून मी तीन पानांचा फॉर्म लिहिला
पीएचपीत, आठ दिवसांत,
कॅम्पवर नव्याने उतरणाऱ्या माणसांसाठी.

पानाला आठवण नसते, हे मला शाजीने शिकवलं.
दुसरं पान उघडलं की पहिल्याने हात झटकले:
कोण तू, कुठला, कालचा की आत्ताचा,
काही ठाऊक नाही.
म्हणून सगळं बांधून द्यावं लागतं बरोबर.
गेटने पाठवलं तर पत्त्याच्या पट्टीत लोंबतं,
पासपोर्ट नंबर, पगार, रक्तगट,
दोरीवर वाळत घातलेल्या गंजीफ्रॉकसारखं.
मी पोस्ट निवडलं. बंद पाकीट, निदान वरून तरी.
पहिल्या पानावरचं दुसऱ्यात हिडन करून ठेवलं,
आतल्या खिशात पैसे ठेवावेत तसं.
सोर्स उघडला की दिसतंच म्हणा.
पण उघडतो कोण.

सगळं पुढे जात होतं.
असं मला वाटत होतं.

मग हमजा उंड्रे आला, म्हसळ्याकडचा, वेल्डर,
दुपारी काम बंद असतं त्या वेळात, बूट दाराबाहेर काढून.
हातात तिसऱ्या पानाची प्रिंट, घामाने मऊ झालेली.
"बाय, मी आयशीचा नाव लिवलेला. हितं नाय."
मी बघितलं.
अडचणीच्या वेळी कोणाला कळवावं:
आणि त्यापुढे कागद. नुसता कागद.

अर्धा तास शोधलं. सेशन तपासलं, डेटाबेस तपासला,
शाजीला फोन लावला, तो अल ऐनला, मेव्हण्याकडे जेवत होता.
शेवटी दिसलं.
चौकटीला मी आयडी दिला होता,
रंग दिला होता, कोपरे गोल केले होते,
नाव द्यायला विसरले होते.
ज्या चौकटीला नाव नाही
तिच्यातलं काहीच ब्राउझर उचलत नाही.
तक्रार नाही, लाल अक्षरं नाहीत.
आणि इकडे, नसेल तर रिकामं ठेव,
हेही मीच लिहिलेलं.
माणूस टाइप करतो आई, बायको, चुलता,
सबमिट दाबतो, हिरवी खूण येते,
आणि ते नाव तिथेच राहतं, दोन पानांच्या मध्ये.

एक शब्द घातला. तीन सेकंद.
पण मागचे तीनशे बारा?

मग रोज संध्याकाळी सातनंतर फोन.
"तुम्हाला काही झालं तर कोणाला सांगायचं?"
डाळ शिजत असताना कुणाला असं विचारू नये.
एक घाबरला, "काय झालंय मॅडम?"
एकाने कंत्राटदाराचं नाव दिलं.
देगलूरच्या लाल्या गवंड्याने किराणावाल्याचा नंबर सांगितला,
रेंज त्याच्याच ओट्यावर येते म्हणून.
एक जण बराच वेळ गप्प. मागे कुकरची शिट्टी.
मग म्हणाला, कुणी नाही. पुढे चला.
पुढे जाता येईना:
ती चौकट मी आदल्याच दिवशी सक्तीची केली होती.

रात्री सक्ती काढली.
बादली ओतून आले. परत बसले.

हमजाचा अर्ज शेवटी राहिला.
शुक्रवारी तो आला, इस्त्रीचा शर्ट, अत्तर.
"नाव सांगा."
"रुकय्या दाऊद उंड्रे.
पन तिला कलवू नको हां. काळजाचा दुखना हाय तिला."
"मग लिहू कशाला?"
तो दाराशी गेला होता, टाच बुटात कोंबत होता.
"लिव गो," म्हणाला,
"फुडल्या पानाव दिसला पायजे."