घूं

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा,
पत्र्याच्या गाळ्यात दोन टेबलं.
एक हसुराम भोईरांचं, एक माझं.

त्यांच्या टेबलावर तवा तापतो:
हातभर हीटसिंक, त्यावर आठ ट्रान्झिस्टर,
घणसोलीच्या हळदीत पोलिसांची गाडी येईपर्यंत
चार ओहमचे खोके ओढायचे म्हणून.
"बायस कमी ठेवला तर सूर उंबऱ्यावर ठेचकाळतो.
जास्त ठेवला तर तापतो,
तापला की आणखी पितो, प्याला की आणखी तापतो.
आमच्या धाकट्यासारखं."
म्हणून एक बारका डायोड
हीटसिंकच्या अंगाला चिकटवलेला,
तापल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तसा.

माझ्या टेबलावर काहीच तापत नाही.
इथे येतो सुईच्या टोकावरचा
चार-पाच मिलिव्होल्टचा जीव.
त्याला शंभरपट करायचं
आणि त्याच्या मागून घुसणाऱ्या कुणालाच नाही.
ट्यूबलाइटचा चोक, खिशातला मोबाइल,
शेजारी जमीलचं वेल्डिंग,
सगळे माझ्या तारेवर टपलेले.
वर पहिल्या ट्रान्झिस्टरची स्वतःची सरसर.
ती बंद होत नाही.
शंभरातून त्यातल्या त्यात मुका निवडायचा, बस्स.

मी म्हणायचे, तुमचं काम ढोबळ.
ते म्हणायचे, तुझं कधी जळत नाही ना.
खरंच. माझं चुकलं तर कुणीतरी कपाळाला आठ्या घालतं.
त्यांचं चुकलं तेव्हा डीसी बाहेर गेला,
अठरा इंची स्पीकरची कॉइल मांडवातच धुमसली,
भाडं राहिलं बाजूला,
नवरीच्या मामाने कॉलर धरली.

मंगळवारी त्यांनी सेट माझ्याकडे सरकवला.
"घूं करतोय. कॅपेसिटर बदलले. ट्रान्सफॉर्मर बदलला. झोप गेली."
मी इनपुटची पिन उपटली. शांत.
केबलची जाळी दोन्ही टोकांना टेकलेली,
पन्नास हर्ट्झची गोल गोल प्रदक्षिणा चाललेली.
एक टाका उसवला.

त्यांच्या सेटचा दोष नव्हता.
कानात सांगितलेलं
त्याने मांडवभर सांगितलं, इतकंच.

मग माझा डबा त्यांच्या डब्याला जोडला.
सुई वर. व्हॉल्यूम पार शेवटपर्यंत.
जमील डोकावला, "बंद पडला काय?"
"गप," भोईर म्हणाले. "लागलाय."

अगदी तळाशी सरसर होती.
तीस वर्षं खोक्यांपुढे उभे राहिलेले त्यांचे कान.
"काहीच नाही," ते हसले, "अगदी काहीच नाही."

मी हो म्हटलं.