मानस

केंकरे सरांनी फळ्यावर लिहिलं होतं:
पहिला आठवडा. गावाचं मानस जाणून घ्या.

आम्ही अकरा जण, नेतृत्वाच्या अभ्यासक्रमाचं दुसरं वर्ष,
गळ्यात ओळखपत्रं, पाठीवर लॅपटॉप,
रायबंदरला फेरीबोटीत चढलो
आणि चोडण येईपर्यंत एकमेकांचे फोटो काढत राहिलो.

बोस्त्यांव कुलासो जाळं झटकत होता.
मी म्हटलं, तुमच्या गावाचं मानस समजून घ्यायचंय.
ये, म्हणाला.
खाजनाच्या चिखलातून वीस मिनिटं चालवलं,
बांधाच्या टोकाशी थांबून हात केला:
हें मानस.

जांभ्यात बसवलेली काळ्या लाकडाची दोन दारं.
भरती आली की पाण्याच्याच रेट्याने मिटतात,
ओहोटीला आपोआप उघडतात.
मी वहीत लिहून घेतलं. सर हसतील म्हणून
खोडायला गेले, खोडलं नाही.

प्रश्न अकरावा: गावात निर्णय कोण घेतं?
जयवंती मयेकर म्हणाल्या, कसला निर्णय ते आधी सांग.
कोरगूट कधी पेरायचं, की
रस्त्याला नाव कोणाचं द्यायचं?
आमच्या फॉर्मवर चौकोन एकच होता.

चौथ्या आठवड्यात तन्वेशने भरतीच्या वेळा सांगणारं
अ‍ॅप केलं. निळं. सुरेख.
बोस्त्यांवने ते हात पुसून पाहिलं,
मग पाण्याकडे पाहिलं.
बरें आसा, म्हणाला. अर्धा तास चुकतंय तेवढं.

अमावास्येच्या रात्री बांध फुटला.
खेकड्याच्या बिळाएवढं भोक, मग म्हशीएवढं.
आम्हांला कोणी बोलावलं नव्हतं. तरी गेलो.
काळोखात बांबू, पेंढा, चिखलाच्या पाट्या;
मी ओरडले, आपण साखळी करू या!
साखळी केव्हाची झालेली होती,
चाळीस माणसांची, आणि माझ्या दोन्ही बाजूंनी
पाट्या पुढे चालल्या होत्या.
कोणीतरी माझ्या हातात बॅटरी दिली.
बाय, हांगा राव. हालूं नाका.

अहवालात शेवटचा रकाना: आपले योगदान.
मी लिहिलं, बॅटरी धरली.
सरांचा लाल शेरा: विस्तार करा.
मी तीन पानं जोडली. सहभाग, संवाद, सक्षमीकरण,
एक आकृतीसुद्धा, बाण दोन्हीकडे जाणारे.
बी प्लस मिळाला.

त्या पानांतलं आज काही आठवत नाही.
हात आठवतो, उजवा,
दुसऱ्या तासाला थरथरायला लागलेला,
भोकावरचा उजेड हलू लागलेला,
आणि जयवंतीबाईंनी माझ्याकडे न बघता
कोपराखाली दिलेला खांदा.
ओला होता. खारट वास येत होता.
तशाच उभ्या राहून त्या
चिखल पुढे देत होत्या.